खरे सांगणाऱ्या चालकाच्या बाजूने

छत्रपती संभाजीनगर हे वाहने बनवणारे शहर आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आधाराने सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. याच शहरात इन्सुलिनही तयार होते. वोक्हार्टचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प इथलाच, आणि या कंपनीने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ या नावाने मानवी इन्सुलिन बाजारात आणले, तेव्हा भारतीय रुग्णाला परदेशी कंपन्यांखेरीज एक देशी पर्याय मिळाला. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या या दोन वस्तूंची गाठ इथल्या कितीतरी घरांत रोज सकाळी पडते. पोटावर सुई टोचून घेतलेला माणूस न्याहारी उरकतो आणि अर्ध्या तासात दुचाकीवर बसून जालना रोडला किंवा नगर नाक्याच्या दिशेने कामाला निघतो. त्याच्यासारखेच कोणी रिक्षा काढतात, कोणी शाळेची व्हॅन, कोणी मालाचा टेम्पो.

या माणसाने गाडी चालवावी का? चालवायची तर कोणत्या अटीवर? आणि ही अट त्याला सांगणार कोण? या प्रश्नांवर आपला कायदा मोघम बोलतो, दवाखान्यात त्यांच्यासाठी वेळ नसतो आणि घरात तो विषय निघत नाही.

माझे म्हणणे असे आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला गाडी चालवण्याचा हक्क असलाच पाहिजे. त्या हक्काला साखर मोजण्याची अट जोडलेली असलीच पाहिजे. मात्र खरे सांगितल्याने लायसन आणि रोजगार जाणार असेल, तर ती अट कोणी पाळणार नाही. आज नेमके हेच घडते आहे. लपवणाऱ्याचे सगळे सुरळीत चालते आणि सांगणारा अडचणीत येतो. अशा व्यवस्थेत रस्ता सुरक्षित होत नाही, आजार तेवढा कागदावरून नाहीसा होतो.

आधी धोका नेमका कुठे आहे ते पाहू. मधुमेह म्हटले की आपल्याला वाढलेली साखर आठवते. वाढलेल्या साखरेने नजर धूसर होते, थकवा येतो. वर्षानुवर्षे ती तशीच राहिली तर डोळ्यांचा पडदा बिघडतो, तळपायांची संवेदना जाते आणि ब्रेक किती दाबला गेला हे पायाला कळेनासे होते. हे गंभीर आहे, पण ते हळूहळू येते आणि तपासणीत सापडते. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला काही मिनिटांत निकामी करते ती उतरलेली साखर. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. ही ऊर्जा त्याला मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून मिळते आणि स्वतःचा म्हणावा असा साठा त्याच्याकडे नसतो. रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली आली की घाम फुटतो, हात कापतात, छातीत धडधडते. ५४ च्या खाली विचार, नजर आणि बोलणे बिघडते. त्याहून खाली गेली तर शुद्ध हरपू शकते.

‘मला लगेच कळते, शुगर लो झाली की मी थांबतो,’ असे अनेकजण सांगतात. ते खोटे बोलत नसतात, पण या विश्वासावर गाडी सोडता येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेह असलेल्या चालकांना सिम्युलेटरवर बसवले आणि त्यांची साखर टप्प्याटप्प्याने खाली आणली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की साखर सत्तरच्या आसपास येताच गाडी चालवण्यात चुका होऊ लागतात. बहुतेक चालकांनी मात्र ती पन्नासच्या खाली जाईपर्यंत ना गाडी थांबवली, ना काही गोड घेतले. थांबण्याचा निर्णय ज्या मेंदूने घ्यायचा, तोच आधी मंदावतो. शिवाय ज्यांना पंधरा-वीस वर्षे मधुमेह आहे किंवा ज्यांची साखर वारंवार उतरते, त्यांच्यात घाम आणि कंप ही पूर्वसूचनाच बोथट होत जाते. म्हणून शरीराच्या इशाऱ्याची वाट न पाहता किल्ली फिरवण्याआधी आकडा पाहणे हा एकच भरवशाचा मार्ग उरतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साखर उतरण्याचा धोका फक्त इन्सुलिनला नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्याही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि जेवण चुकले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेतात. आपल्याकडे अशा गोळ्या घेणारे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. उलट फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका नगण्य असतो. तेव्हा ‘सुई घेता का?’ या एका प्रश्नाने माणसांची विभागणी करणे शास्त्राला धरून नाही. खरा प्रश्न असा आहे: तुमच्या औषधाने साखर उतरू शकते का, आणि गेल्या वर्षभरात ती इतकी उतरली का की दुसऱ्याची मदत घ्यावी लागली? पन्नास युनिट इन्सुलिन घेऊनही रोज मोजणारा माणूस सुरक्षित चालक असू शकतो. एक गोळी घेऊन, उपाशीपोटी, कधीच न मोजता निघणारा माणूस तसा नसतो.

आता हा धोका इथल्या दिनक्रमात बसवून पाहू. आपल्याकडे स्वस्त आणि सहज मिळते म्हणून ३०/७० मिश्र इन्सुलिन मोठ्या प्रमाणावर दिले जाते, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. या इन्सुलिनला वेळेवर जेवण लागते. सकाळच्या डोसचा एक भाग दुपारच्या जेवणासाठी काम करत असतो. जेवण दोन तास लांबले तरी तो थांबत नाही. ज्याचे कार्यालय दहा ते सहा आहे त्याला हे जमते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे पाळीत काम करणाऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते आणि तिच्याबरोबर जेवणाची आणि झोपेची वेळही बदलते. अंगमेहनत केली की स्नायू साखर ओढून घेतात आणि हा परिणाम काम संपल्यावरही काही तास टिकतो. म्हणजे पाळी सुटून माणूस दुचाकीला किक मारतो तीच वेळ साखर उतरण्याची असू शकते. नेमक्या त्याच वेळी वाळूजच्या रस्त्यावर ट्रक, कंपनीच्या बस आणि दुचाक्या एकत्र आलेल्या असतात.

आपल्या उपवासांचाही इथे विचार करावा लागतो. हे शहर एकादशी, श्रावण आणि नवरात्र पाळते; रमजानचे रोजेही पाळते. उपवासाच्या दिवशी नेहमीचाच डोस घेऊन दुपारी गाडी चालवणे धोक्याचे आहे आणि इफ्तारच्या आधीच्या तासात घर गाठण्याची घाई तर त्याहून धोक्याची. श्रद्धा सोडा असे मी कोणालाच सांगणार नाही. डॉक्टरला आधी विचारून उपवासाच्या दिवसांचा डोस बदलून घेता येतो. रमजानबाबत वैद्यकांचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन स्पष्ट आहे: साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा. साखर तपासण्यासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतल्याने रोजा तुटत नाही, असे धर्माच्या जाणकारांनीही सांगितले आहे. एकादशीच्या दिवशी ग्लुकोजचे पाणी घेऊन अपघात टाळणाऱ्या माणसाची भक्ती उणी ठरेल, असे मला वाटत नाही.

त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. पारा चाळिशीपार गेला की बंद गाडीत ठेवलेले इन्सुलिन खराब होते आणि खराब इन्सुलिन साखर आवरत नाही. उष्णतेने त्वचेखालचा रक्तप्रवाह वाढला की चांगले इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषले जाते. आणखी एक चूक घरोघरी होऊ शकते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनमध्ये १०० असतात आणि दोन्ही तीव्रतांसाठीच्या सिरिंज वेगळ्या असतात. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या बाटलीसाठी, नारंगी टोपणाची शंभरसाठी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट होऊ शकतो. या तपशिलांना मी रस्त्यावरच्या सुरक्षिततेचाच भाग मानतो, कारण त्यांची परिणती चौकात होते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ८ नुसार, ज्याच्या आजारामुळे लोकांना धोका होऊ शकतो त्याला शिकाऊ लायसन नाकारायचे असते. कलम १६ नुसार, आजारामुळे चालक अयोग्य झाल्याचे मानायला सबळ कारण असेल तर लायसन रद्द करता येते किंवा नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येते. आपल्याला धोकादायक आजार आहे हे ठाऊक असूनही जो गाडी चालवतो, त्याला कलम १८६ खाली पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड आहे; २०१९ च्या दुरुस्तीआधी ही रक्कम २०० आणि ५०० होती. अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये चालकाने स्वतः जाहीर करायचे असते, की आपल्याला फिट येते का, कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, आणि लोकांना धोका होईल असा अन्य आजार आहे का. वय चाळीसच्या पुढे गेले किंवा व्यावसायिक वाहन चालवायचे असले, की डॉक्टरच्या सहीचा नमुना १-अ लागतो. त्यात नजर, रंग ओळखणे, ऐकू येणे, रातांधळेपणा, हातपाय, फिट आणि चक्कर यांची विचारणा आहे.

मधुमेह हा शब्द चालकाला कुठे विचारला जात नाही. एका अर्थाने हे बरेच आहे. कायद्याने मधुमेहींना सरसकट बंदी घातलेली नाही आणि इन्सुलिन घेणाऱ्याने गाडी चालवणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. हे स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे, कारण ‘सुई सुरू झाली म्हणजे लायसन गेले’ या भीतीने इन्सुलिन टाळणारे लोकही आहेत. पण मोघमपणाची किंमत मोजावी लागते. ज्याची साखर वर्षात दोनदा इतकी उतरली की घरच्यांनी तोंडात साखर घातली, त्याने ‘अचानक शुद्ध हरपते का’ याला काय उत्तर द्यावे? प्रामाणिकपणे ‘हो’. पुढे तपशील लिहायला जागा आहे, पण त्या तपशिलाचे काय करायचे याचा मधुमेहापुरता निकष त्या फॉर्मात नाही. किती महिने थांबायचे, कोणता अहवाल आणायचा, कोणत्या आकड्यावर पुन्हा परवानगी मिळेल, हे काही कळत नाही. मग घरबसल्या ऑनलाइन अर्ज भरताना ‘नाही’ वर टिचकी मारणे सोपे जाते. प्रमाणपत्रावर सही मिळते. तपासणी झालेली असतेच असे नाही.

मुदतीही पाहा. तिशीच्या आत लायसन काढले तर ते चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नास या वयात काढलेले दहा वर्षे चालते. व्यावसायिक लायसन पाच वर्षांचे असते. अडतिसाव्या वर्षी लायसनचे नूतनीकरण केलेल्या माणसाला एकोणचाळिसाव्या वर्षी इन्सुलिन सुरू झाले, तर पुढची नऊ वर्षे आरटीओकडून त्याला एकही प्रश्न येत नाही.

आणि तो स्वतःहून का सांगेल? टेम्पो चालवणाऱ्याचा विचार करा. त्याचे लायसन म्हणजे त्याच्या घरचा किराणा आणि मुलांची फी. मालकाला कळले तर दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे नोंदलेली आहेत; नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, त्याला दुसरे काम द्यावे लागते. त्या एकवीस प्रकारांत मधुमेह नाही. खाजगी मालकाच्या चालकाला तर तेवढाही आधार नाही. त्यामुळे तो डबा उघडायला वेळ मागत नाही, गाडीत ग्लुकोमीटर ठेवत नाही, घाम आला तर उन्हाचे कारण सांगतो. काहीजण ‘गाडीवर शुगर लो नको’ म्हणून ती मुद्दाम वाढलेली ठेवतात आणि दहा वर्षांनी डोळे किंवा पाय गमावतात. आजार लपवण्यात जी शक्ती जाते, तीच आजार सांभाळण्यात गेली असती तर तो आणि रस्त्यावरचे बाकी सगळे अधिक सुरक्षित असते.

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्याने परवाना देणाऱ्या डीव्हीएलए या संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. कळवल्यावर परवाना जात नाही, तो एक ते तीन वर्षांच्या मुदतीचा होतो. नियम नेमके आहेत: निघण्याआधी दोन तासांच्या आत साखर मोजा, लांबचा प्रवास असेल तर दर दोन तासांनी मोजा, ती ९० च्या वर असेल तरच निघा, ७२ च्या खाली असेल तर गाडी चालवू नका, साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबा, कारण मेंदूला सावरायला रक्तापेक्षा जास्त वेळ लागतो. बस आणि ट्रकसाठी इन्सुलिन घेणाऱ्यांवर तिथे पूर्वी बंदी होती. २०११ पासून दरवर्षीची तज्ज्ञ तपासणी आणि मीटरमधल्या नोंदी यांच्या आधारावर त्यांनाही परवाना मिळू लागला. अमेरिकेतही आंतरराज्य ट्रकचालकांना इन्सुलिनमुळे अनेक दशके मज्जाव होता. आधी अपवाद म्हणून सवलती दिल्या गेल्या आणि २०१८ मध्ये नियमच बदलला. उपचार करणाऱ्या डॉक्टरचा अहवाल आणि निदान तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी दाखवल्या, की त्या चालकाला पात्र ठरवता येते; साखर गंभीररीत्या उतरली तर डॉक्टर पुन्हा हिरवा कंदील दाखवेपर्यंत ट्रक थांबतो. दोन्ही देश कडक बंदीकडून नेमक्या अटींकडे गेले. आपण मात्र बंदीही घातली नाही आणि अटीही ठरवल्या नाहीत.

आपल्याकडेही अशा नेमक्या अटी हव्यात, या मागणीवर येणारे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला आक्षेप रस्त्यावर माणूस गमावलेल्या घरांचा असू शकतो: लोकांचा जीव मोठा की एका माणसाची सोय? धोका आहे तर सरळ बंदी का नको? या प्रश्नामागचे दुःख खरे आहे. देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. पण बंदी कोणावर लागू होईल? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या इन्सुलिन घेणाऱ्यांवर बंदी आली, तर त्या दिवसापासून कोणीही डॉक्टरला ‘मी गाडी चालवतो’ असे सांगणार नाही आणि अनेकजण इन्सुलिनच नाकारतील. लपलेला रुग्ण उघड रुग्णापेक्षा धोकादायक असतो. शिवाय १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, त्याआधी टाइप १ मधुमेहाचे मूल फार काळ जगत नसे. आज ती मुले मोठी होतात, कमावतात, संसार करतात. त्यांना जगवल्यावर कामाच्या वाटा बंद करणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: आजार ही खाजगी बाब आहे, सरकारने त्यात डोकावू नये. घरात बसलेल्या माणसाबाबत मी हे मान्य करतो. पण रस्त्यावर ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. पाच सेकंद भान हरपले तर दीडशे मीटरहून जास्त अंतर ती कोणाच्याही ताब्यात नसते. त्या अंतरात जे कोणी आहेत, त्यांच्यापासून हा आजार खाजगी राहिलेला नसतो. मात्र सरकारला तेवढेच कळावे जेवढे गाडीसाठी लागते: साखर उतरते का, मोजली जाते का, डॉक्टर काय म्हणतात. मालकाला पूर्ण फाइल मिळण्याचे काही कारण नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो. दारू पिऊन चालवणारे, उलट्या दिशेने येणारे, हेल्मेट न घालणारे मोकाट असताना आजारी माणसाच्या मागे का लागायचे? दारुड्याला आवरले पाहिजे यात वाद नाही, पण एक धोका मोठा आहे म्हणून दुसरा मोजायचा नाही हे पटणारे नाही. दारू सोडायला पोलिसांचा धाक लागतो. मधुमेही चालकाला जगायचेच असते, त्याला फक्त साधन, माहिती आणि निर्भयता हवी असते. कमी खर्चात टाळता येणारा हा धोका आहे, म्हणून तो आधी टाळावा.

आता मागण्या. आरटीओच्या नमुन्यात दोन सरळ प्रश्न हवेत: साखर उतरवू शकेल असे औषध घेता का, आणि गेल्या बारा महिन्यांत साखर उतरून दुसऱ्याची मदत लागली का. पहिल्याला ‘हो’ म्हणणाऱ्याला एका पानाची माहिती आणि नेहमीचे लायसन द्यावे. दुसऱ्यालाही ‘हो’ असेल तर ठरलेला काळ थांबून, डॉक्टरच्या अहवालावर पुन्हा परवानगी द्यावी. हा काळ आणि अहवालाचा नमुना कायद्याच्या नियमांत लिहिलेला असावा, म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीवर काही उरणार नाही. इन्सुलिन सुरू झाल्यावर मुदतीची वाट न पाहता कळवण्याची सोय असावी आणि कळवल्याबद्दल लायसन हिसकावले जाणार नाही हे कायद्यानेच सांगावे.

मालकांकडून मागणे असे, की कळवणाऱ्या चालकाला काढू नये, गरज पडेल तितके दिवस त्याला गोदामात किंवा दुसऱ्या कामावर ठेवावे आणि जेवणाची वेळ पाळावी. वाहतूक कामगाराला पाच तासांच्या सलग कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच मान्य केले होते. मधुमेही चालकासाठी ती अर्ध्या तासाची विश्रांती म्हणजे औषधोपचाराचाच भाग आहे. ग्लुकोमीटरच्या एका पट्टीला वीस रुपयांच्या आसपास पडतात. दिवसाला दोन-तीन पट्ट्यांचा खर्च एका अपघाताच्या नुकसानीपुढे काहीच नाही. मालकाने तो उचलावा.

डॉक्टरांनी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड लिहून देताना ‘गाडी चालवता का, कोणती, कोणत्या वेळी?’ हे विचारलेच पाहिजे आणि उत्तर केसपेपरवर लिहिले पाहिजे. घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली गर्दी मला दिसते. तरीही एवढा प्रश्न तिथेही विचारता येतो. टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी डॉ. अर्चना सारडा यांच्या पुढाकाराने इथे ‘उडान’ ही संस्था काम करते. सुई घ्यायला शिकलेले मूल अठरा वर्षांचे झाले की लायसनसाठी रांगेत उभे राहते. त्याच्या शिक्षणात गाडी चालवण्याचे नियम शिकवायची हीच जागा आहे.

समृद्धी महामार्गाचाही इथे विचार व्हावा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि आपल्या शहराला सावंगी, माळीवाडा, शेंद्र्याच्या बाजूने तो जोडला गेला. जुन्या नगर रस्त्यावर साखर उतरल्यासारखी वाटली तर पुढच्या ढाब्यावर गाडी लावता येते. समृद्धीवर कुठेही थांबणे धोक्याचे आहे आणि इंटरचेंज बऱ्याच अंतरावर असू शकतो. म्हणून सुविधाकेंद्रांत साखर तपासण्याची सोय हवी, आणि त्यांची अंतरे प्रवेशाच्या टोलवरच मोठ्या अक्षरांत लिहिलेली हवीत.

पोलीस आणि लोक यांच्याकडूनही एक मागणे आहे. साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. तो घामाघूम असतो, अडखळत बोलतो, कधी चिडतो. अपघातानंतर जमलेल्या गर्दीच्या हाती तो लागला तर आधी मार खातो. तोंडाला वास नसेल, यंत्रात दारू निघत नसेल, तर ‘शुगर आहे का?’ हे विचारा. माणूस गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन करा.

शेवटी माझे बोलणे इन्सुलिन घेणाऱ्या चालकाशी आहे, कारण वरच्यापैकी काहीही बदलण्याआधीसुद्धा पुष्कळ काही तुमच्या हातात आहे. निघण्याआधी मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग निघा. दोन तासांनी पुन्हा मोजा. खिशात किंवा डॅशबोर्डवर ग्लुकोजची पूड ठेवा. डिकीत ठेवलेली वेळेला हाताशी येत नाही. काही वाटलेच तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग भाकरी-पोळी असे टिकणारे काही खा आणि पाऊण तास थांबा. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर लक्षात ठेवा, की साखर वेगाने घसरत असताना तो काही मिनिटे मागे असतो. दारू घेतली असेल तर साखर कित्येक तासांनंतरही उतरू शकते. कार्डावर ‘मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो’ असे मराठीत लिहून पाकिटात ठेवा.

आणि खरे सांगा. घरी सांगा, डॉक्टरला सांगा, शेजारी बसणाऱ्या क्लीनरला सांगा. सांगणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे काम बाकीच्या सगळ्यांचे आहे: कायदा लिहिणाऱ्यांचे, सही करणाऱ्यांचे आणि पगार देणाऱ्यांचे. चालकाने रोज मोजण्याची जबाबदारी घ्यावी आणि समाजाने त्याबद्दल त्याचे पोट मारू नये. या दोन्ही गोष्टी एकदमच मागायला हव्यात. एकट्या जबाबदारीने चालक लपून राहतो आणि एकट्या सवलतीने तो बेफिकीर होतो. दोन्ही मिळाल्या तरच इन्सुलिन घेणारा माणूस आणि त्याच्या समोरून येणारा माणूस दोघेही घरी पोचतील.